सगुणाने टाकलेली चादर

केरू शिगवणाला सूड घ्यायचा होता आणि तो कोणावर घ्यायचा, हेही त्याने ठरवून टाकलं होतं. त्याच्या थोरल्या भावाची विधवा, सगुणा, त्याच घरात परसाकडच्या खोलीत राहत होती. तिला पोर नव्हतं. केरूची लेक चिमा चार वर्षांची झाली होती आणि तिच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली होती. सगुणानेच करणी केली म्हणायला केरूला एवढा पुरावा पुरेसा होता.

वाचकहो, व्यंग असलेलं मूल जन्माला आलं की आपण काय करतो? आधी आईकडे बघतो. ग्रहणात विळी हातात घेतलीस का, तिन्हीसांजेला विहिरीवर गेलीस का, असं खोदून खोदून विचारतो. आईवर भागलं नाही तर घरातली दुसरी बाई शोधतो. ती विधवा आणि निपुत्रिक असली की आपला शोध तिथेच संपतो. बापाकडे मात्र कोणी बघत नाही. त्यातून बाप पलटणीतून आलेला, खाकी कोट घालून वाडीत मिरवणारा असेल तर त्याच्याकडे कोण बोट दाखवणार?

रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापलीकडे डोंगरउतारावर शिगवणवाडी होती. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण वाडीचा कारभार ग्रामदेवतेच्या कौलावरच चाले. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी कळी पडते की डावी ते बघायचं. येत्या अवसेला सगुणाच्या नावाने कौल लागणार होता. डावी कळी पडली, तर वाडीच्या शिवेवर काळा कोंबडा कापून तिला शिवेपलीकडे घालवून द्यायचं, असं ठरलं होतं.

एवढी घाई का, तर केरूची बायको मैना पुन्हा गरोदर होती, आणि वैशाख लागल्यापासून तिच्या पाठीवर फोड उठू लागले होते. त्यातच भर म्हणून सगुणाने एक आगळीक केली होती. लढाई संपल्यावर केरूने पलटणीच्या डेपोतून एक जाड रबरी चादर घरी आणली होती. पावसात ती छपरावर जायची आणि एरवी अंथरुणाखाली. चिमा तिच्यावरच जन्मली होती. उन्हाने तापली की तिला लसणीसारखा उग्र वास यायचा. सगुणा केरूला म्हणाली होती, "भावजी, ही चादर बरी नाय. मैना हिच्यावर निजली की तिची पाठ चिघळते. टाका ती."

"माझ्या पलटणीची चादर तुझ्या डोळ्यांत खुपते काय?" केरू तिच्यावर खेकसला होता.

मग एके दिवशी सगुणाने स्वतःच ती चादर मैनेच्या अंथरुणाखालून ओढून काढली आणि तिठ्याजवळच्या घळीत नेऊन टाकली. तिन्हीसांजेची वेळ, त्यात तिठा, आणि बाई विधवा! बघणाऱ्यांनी बघितलं आणि वाडीभर झालं. केरूने घळीत उतरून चादर वर आणली, झटकली आणि पुन्हा मैनेखाली घातली. "आता कौलच लावतो," तो दातओठ खात म्हणाला, "आणि हिला वाडीबाहेर काढल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाय मला."

कोंबडा हवा होता, तोही पायापासून तुऱ्यापर्यंत काळा. तेव्हा केरूला हारुन आठवला. हारुन सोलकर आणि तो लढाईत एकाच डेपोत होते. हारुन आता रत्नागिरीला खाडीकाठी राहायचा, होडी चालवायचा, आणि त्याची बायको फातिमा कोंबड्या पाळायची. अवसेच्या दिवशी सकाळीच केरू मोटारीने रत्नागिरीला गेला.

हारुनने त्याला मिठीच मारली. "अरे केरू, किती वर्षांनी! बस, बस. फातिमा, च्या टाक गं. हा माझा डेपोतला जोडीदार."

चहा घेऊन एक लहान मुलगी आली. तिने बशी दोन्ही हातांनी अंगाशी दाबून धरली होती. केरूने बशी घेतली आणि त्याची नजर तिच्या हातांवर खिळली. दोन्ही हातांची बोटं चिकटलेली होती, चिमाच्या डाव्या हातासारखी, अगदी तशीच.

"ही माझी कुलसुम," हारुन म्हणाला.

केरूने बशी खाली ठेवली. "हिला कोणी केलान हे?" त्याने विचारलं.

"काय विचारतंस? कोणी कशाला करंल?"

मग केरूने सगळं सांगितलं. चिमाचा हात, मैनेची पाठ, सगुणा, तिठा, कौल आणि काळा कोंबडा. सांगताना त्याचा आवाज चढत गेला आणि मुठी आवळल्या गेल्या. "आज सांजेला तिला शिवेपलीकडे घालवणार. माझ्या पोरीचा हात नासवलान तिने. तिला भीक मागताना बघीन तेव्हा मला झोप लागंल."

दाराआड उभी असलेली फातिमा पुढे आली. "केरूभाव, कोंबडा मी देत नाय," ती म्हणाली. "सणाला कापायचा तर फुकट घेऊन जा. बाईच्या वाईटासाठी माझ्या खुराड्यातला पक्षी मिळायचा नाय. कुलसुम झाली तेव्हा ह्यांनी पण मला असंच माहेरी धाडलान व्हतं. म्हणे, तुझ्या माहेरची नजर लागली. दोन पावसाळे काढले मी आईकडे, पोरीला घेऊन."

हारुनने मान खाली घातली. मग त्याने केरूचा दंड धरून त्याला अंगणात नेलं.

"केरू, शर्ट वर कर."

"का?"

"कर तर."

केरूच्या बरगड्यांवर, काखेखाली, जुन्या भाजल्यासारखे पांढुरके डाग होते. हारुनने आपला सदरा वर केला. त्याच्याही अंगावर त्याच जागी तसेच डाग होते.

"पिवळं तेल आठवतं? गळकी पिंपं आपण खांद्यावरून वाहायचो. फोड आले की डेपोतला गोरा साहेब म्हणायचा, साबणाने धुवा, काय होत नाय. आणि बाहेर एक शब्द बोललात तर तुरुंगात घालीन."

"आठवतं की."

"त्या पिंपांखाली अंथरायच्या चादरी आपण येताना घेऊन आलो. माझी मी होडीत टाकली व्हती. एक खलाशी भर उन्हात तिच्यावर बसला, त्याच्या मांडीची सालटं निघाली. मी त्याला डॉक्टरकडे नेला. हे डॉक्टर स्वतः लढाईवर जाऊन आलेले. त्यांनी चादर बघितली, माझे डाग बघितले, म्हणाले, ते तेल म्हणजे लढाईत वापरायचं विष, आणि विचारलान, घरी पोरं किती, कशी हायत? मी कुलसुमचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, सोलकर, छातीठोक सांगण्याइतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाय. पण असलं विष बापाच्या अंगात मुरलं, नायतर घरात राहिलं, तर पोरांना त्याची झळ लागत असावी असं मला वाटतं. तेव्हा बायकोला दोष देऊ नकोस. त्याच दिवशी मी फातिमाला घरी आणली. आणि केरू, गुहागरचा आपला डेपोतला सखाराम आठवतो? त्याची दोन पोरं पाळण्यातच गेली. त्यानेही बायकोला टाकलान."

केरू ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहिली. आज, आत्ता, दुपारच्या उन्हात तापलेल्या घरात मैना त्या चादरीवर पडलेली असेल. सगुणाने काढून टाकलेली चादर त्याने स्वतःच्या हाताने घळीतून वर आणून तिच्याखाली घातली होती.

"हारुन," तो म्हणाला, "ती टाकत व्हती रे. ती बाई आमच्या पोराला वाचवत व्हती!"

मग त्याचा संताप उफाळून आला. सगुणावरून उठला तो दुसऱ्यावर जाऊन बसला. "त्या साहेबाचं नरडं धरीन मी. कुठं असंल तिथून ओढून आणीन. त्याच्या पोरांना पाजीन ते पिवळं तेल."

"मलाही तसंच वाटलं व्हतं," हारुन म्हणाला. "पण साहेब गेला विलायतेला. त्याचा गळा आपल्या हाताला लागत नाय. मग हाताला लागतो कोणाचा? घरातल्या बाईचा. तो धरला की आपल्याला वाटतं सूड झाला. सूड कसला? गुन्हा त्याचा, आणि शिक्षा आपण आपल्याच माणसाला देतो. तो तिकडे मजेत राहतो."

"मग काय गप्प बसू?"

"गप्प बसा असं तोच म्हणाला व्हता ना? मग गप्प बसू नकोस. जे त्याने लपवलान ते चार माणसांत सांग. आपल्याला घेता येण्यासारखा सूड तेवढाच हाय."

केरूने हारुनचा हात धरला. "मग चल माझ्याबरोबर. कुलसुमलाही घे. एकट्याने बोलायची माझी हिंमत नाय."

दिवस मावळायच्या आत ते वाडीत पोहोचले. केरू आधी घरात शिरला, मैनेला उठवून ओसरीवर बसवलं, आणि ती चादर काठीने उचलून बाहेर काढली. मैना घाबरून बघत राहिली. "त्या चादरीला कोणी शिवू नका," एवढंच बोलून, चिमाला कडेवर घेऊन तो देवळाकडे निघाला.

देवळासमोर वाडी जमली होती. सगुणा एका बाजूला खांबाशी उभी होती. तिने आपलं लुगडं आणि तांब्या असं बोचकं आधीच बांधून आणलं होतं. निकाल काय लागायचा, ते तिला ठाऊक होतं. आप्पा गुरवाने पाषाणाला कळ्या लावल्या होत्या आणि गाऱ्हाण्याला तोंड फोडायच्या बेतात होता.

"आप्पा, थांबा," केरू म्हणाला. "कौल नको."

"कोंबडा आणलास ना?" वाडीचा मानकरी, म्हातारा गावकर बाबल्या याने विचारलं.

"कोंबडा नाय आणला. ही पोर आणलीय." केरूने चिमाला पुढे घेतलं, हारुनने कुलसुमला. दोन्ही मुलींचे हात त्याने शेजारी शेजारी धरले. लोक जवळ सरकले. "बघा. ही खाडीवरच्या मुसलमानाची लेक. सगुणावैनीने हिचं तोंडही कधी बघितलेलं नाय. मग हिच्यावर कोणी करणी केलान? आमच्याच डेपोतल्या गुहागरच्या सखारामाच्या दोन पोरांवर कोणी केलान?"

केरूने अंगातला खाकी कोट काढला, शर्ट काढला आणि हात वर केले. हारुननेही सदरा काढला.

"करणी ही हाय. आमच्या अंगावर, बापाच्या अंगावर. डेपोतलं विष आम्ही वाहिलं, तुमच्यापासून लपवलं, वर ते घरी आणून बायकोच्या अंथरुणात घातलं. वैनी ते बाहेर टाकत व्हती, आणि मी तिलाच बाहेर टाकायला निघालो व्हतो."

"म्हणजे देवाचा कौल खोटा म्हणतंस?" बाबल्याने आवाज चढवला.

"कौल खोटा कशाला? आपण देवाला प्रश्नच खोटा विचारत व्हतो. बाई दोषी की नाय, एवढंच विचारलं. पुरुष दोषी की नाय, हे या देवळात आजवर कोणी विचारलान काय?"

आप्पा गुरवाने पाषाणावरच्या कळ्या हाताने काढून घेतल्या. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी हुंदका दिला. केरू सगुणासमोर गेला आणि वाकला. "वैनी, माफ कर मला."

सगुणा मागे सरली. तिचे डोळे कोरडे होते. "वाकू नका, भावजी. वाडीतल्या पोरांना तुम्ही शिकवलंत मला बघून थुंकायला. ते एका वाकण्याने फिटायचं नाय. माफ करायचं तेव्हा करीन, नायतर करणारही नाय. आधी ती चादर विहिरीपासून लांब, खोल पुरा. आणि मैनेच्या पाठीला डॉक्टर आणा." तिने बोचकं उचललं आणि घराची वाट धरली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

त्यानंतर हारुन आणि केरू स्वस्थ बसले नाहीत. सखारामाला त्यांनी बायकोच्या माहेरी नेऊन तिच्यासमोर उभा केला. हातखंब्याच्या नाक्यावर, बाजाराच्या दिवशी, खाकी कोटातला माणूस दिसला की ते त्याला गाठायचे आणि विचारायचे, "डेपोत व्हतास? घरी काय काय आणलंस? पोरं कशी हायत? आणि बायकोला काय म्हणालास?" पहिल्या तीन प्रश्नांना माणूस उत्तर देई. चौथ्याला बहुतेकांची मान खाली जाई.

बंधुभगिनींनो, तुमच्याही गावात असा एखादा चौथा प्रश्न अडून बसला असेल. ज्याने विष कालवलं त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही, म्हणून जो हाताशी आहे त्याला झोडपणं हा सूड नव्हे, तो भेकडपणा आहे. राग जरूर धरा, पण तो नीट माहिती करून, खऱ्या गुन्हेगारावर धरा. आणि ज्यांनी आपल्याला गप्प बसवलं, त्यांच्यावर उलटायचं असेल तर मोठ्याने बोला. आपली पोरं आपल्या गप्प बसण्याची किंमत मोजत असतात.

श्रावणात मैना बाळंत झाली. मुलगा झाला, असं कळताच वाडी ओसरीवर लोटली. बोटं कशी आहेत, हेच जो तो एकमेकांना विचारत होता. सुईणीच्या मदतीला सगुणाच आत होती. ती बाहेर आली आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"बाळ बघायला आला असाल तर बसा, गूळ देते," ती म्हणाली. "बोटं मोजायला आला असाल तर आल्या वाटेने परत जा."

लोक बसले. बोटं कशी होती ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही. म्हणून मीही सांगत नाही.