वाघासाठी धावा

“पळायले दुसरा दिवस नाई भेटला काय याईले?” माझे मिस्टर अयूब स्टिअरिंगवर रेलून माझ्या कानाशीच पुटपुटले.

मूल गावाहून अंधारातच निघालो होतो. नागपुरात शिरलो, दवाखाना दोन चौकांवर राहिला आणि पोलिसाने दोरी आडवी धरली. मॅरेथॉन. नारंगी बनियनची माणसं धावत होती, पाठीवर वाघाचं तोंड आणि खाली ‘वाघासाठी धावा’. आमच्याकडे वाघापासून धावतात. तेही जमलं तर.

मागच्या सीटवर धुरपता, मांडीवर डबा धरून. माझ्या शिलाईच्या दुकानात काजा-बटणाला येते ती. तिचा दसरू सरपणाला गेला आणि ‘त्यानं’ पायाला धरला. तिच्या गावात त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की येतो म्हणे.

दवाखान्यात दसरूजवळ त्याचा भाऊ सुनिल होता. त्याचा रोज फोन यायचा, “वहिनी, पेज पाठव, दादा तुयाच हातची मांगते.” आज पहाटे मात्र मला आला. वहिनीले आना म्हणाला, मग रडतच राहिला. फोन ठेवताना म्हणाला, “डबा नका आनू.”

तिला मी एवढंच सांगितलं, सुनिल बोलावते, डबा नको म्हनते, दवाखान्यात जेवन भेटते.

“भेटू दे,” म्हणत तिने पेज भरलीच.

“साहेब, पेशंट हाय आमचा अंदर,” अयूब पोलिसाला म्हणाले.

“सगळ्याईचेच हाय. थांबा.”

एका पोरीने खिडकीतून वाघाचा मुखवटा दिला. “ताई, टाळ्या वाजवा ना!” धुरपताने तो उलटा करून डब्याखाली ठेवला.

मला गप्प बसवेना. “पाय भरला की काठी लागन थोडे दिवस.”

“इथचे डॉक्टर भारी हायेत,” अयूबनी री ओढली. आळीपाळीने खोटं बोलत होतो दोघं.

दोरी सुटली. अयूबनी गाडी चालू केली, तर धुरपता म्हणाली, “भाऊ, थांबा.” तिने डबा उघडला, झाकणात पेज ओतली आणि पुढे केली. “सकाळपासून उपाशी हाव तुमी. प्या.”

“अवो, दसरूभाऊची हाय ते!” मी म्हटलं.

मागे हॉर्न सुरू झाले. तिचा हात हलला नाही.

“डबा नको म्हनलं तवाच समजलं मले. जित्या मानसाले कोनी पेज नको म्हनते काय, बाई? मेला तो. वाघानं खाल्ला माया मानूस.”