रिकाम्या डब्याची साक्ष

मी एक जुना, चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, स्वभावाने मी जरा संशयीच. "झाकण कधी सैल होणार नाही," असं छातीठोकपणे सांगून दुकानदाराने मला विकलं आणि महिन्याभरात झाकण डुगडुगू लागलं. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास ठेवत नाही.

माझी पहिली मालकीण एक शाळकरी मुलगी होती. भोपळ्याच्या फोडी ती गुपचूप रुमालात बांधून टाकून द्यायची आणि घरी "सगळं संपवलं" म्हणून शाबासकी मिळवायची. पुढे ती शिवणकाम करू लागली, आई झाली आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. तिच्या लेकीचं वजन काही केल्या वाढेना, डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

आईने नियम केला. दोन कप्पे लेकीच्या पसंतीचे, दोन आईच्या. लेक अंडं आणि सफरचंद निवडायची. आई गाजराची कोरलेली फुलं आणि रात्रभर भिजवलेले हरभरे भरायची. मी रोज चाटूनपुसून रिकामा परतायचो आणि आईला धन्य वाटायचं. मला मात्र शंका यायची. लेक वर्गात खिडकीशी बसून हरभरे मुठीत घ्यायची. ती मूठ खिडकीबाहेर जायची आणि मोकळी होऊन आत यायची. तोंडाकडे गेलेली मी एकदाही पाहिली नाही. वजनकाटा जागचा हलत नव्हता, म्हणून आई आणखी मूठभर हरभरे वाढवायची. माझा जीव तुटायचा, पण सांगणार कसं?

पालकसभेला बाईंनी कौतुकाने खिडकीबाहेरची कुंडी दाखवली. "बघा, कुणी न पेरता काय उगवलंय."

आई वाकली. हरभऱ्याची हिरवीगार रोपं होती, चांगली दाटीवाटीने उगवलेली. तिने लेकीकडे पाहिलं, मग लेकीच्या हातातल्या माझ्याकडे.

"आवडत नव्हते तर सांगायचं ना गं," ती वाटेत म्हणाली.

"तू कुठे विचारलंस? तू नुसता डबा बघायचीस."

आईने रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भोपळ्याच्या फोडी आठवल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

"भाजून देऊ?" तिने विचारलं.

"लिंबू पिळून. आणि गाजराची फुलं नकोत. सगळे हसतात."

दुसऱ्या दिवशी चारही कप्पे दोघींनी मिळून भरले. संध्याकाळी मी तळाशी तीन हरभरे घेऊन परतलो. "हे का उरले?" आईने विचारलं आणि ती ऐकत बसली.

मित्रांनो, मला घासा, पुसा, माझं झाकण जपा. पण मी रिकामा दिसलो म्हणून कुणाचं पोट भरलं, असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं मी चकचकीत तोंडाने खोटी साक्ष देत आलो. त्या संध्याकाळी तीन उष्टे हरभरे घेऊन आलो आणि पहिल्यांदा खरं बोललो.