चिन्नोरच्या बांधीचं पाणी

रुख्मिणी गेल्याचं कामठा गावात कळलं, तेव्हा तिचा नवरा दुलीचंद धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, उभा होता. देवरीकडून तिचा भाऊ आला, बैलगाडीतून उतरला आणि नुसताच उभा राहिला. त्या साली, म्हणजे १९१८ साली, तापाची साथ गावोगाव फिरत होती. त्यामुळे त्याला फार सांगावं लागलं नाही. भावाच्या घरच्या आजाऱ्यांचं करायला गेलेली बाई त्याच तापानं गेली होती.

"काही बोलली का?" दुलीचंदनं विचारलं.

"चिन्नोरले पाणी द्याजा म्हणे."

या सुवासिक धानाचं बियाणं तिनंच माहेरून आणलं होतं आणि तलावापासून सगळ्यात लांबच्या बांधीत स्वतः रोवलं होतं. यंदा पाऊस लवकर थांबला. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण दाणा भरायला एक पाणी पाहिजे होतं. नाहीतर लोंब्यांत नुसती फोलपटं.

तलावाच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं आणि त्यावर पाटाच्या शेवटाकडच्या तिघांचा हक्क होता: दुलीचंद, केशोराव आणि भैय्यालाल. अशा सालात वाटणीवरून पूर्वी डोकी फुटली होती. म्हणून जुन्या लोकांनी रीत पाडली होती. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की हक्कदारांनी तीन पत्ती खेळायची. प्रत्येकाला सारखे चिंचोके. ज्याच्याकडे जितके चिंचोके, तितका वेळ पाणी त्याच्या पाटात. दुलीचंदच्या एकट्याच्या वाट्याचं पाणी वाटेतली तडकलेली मातीच पिऊन टाकणार होती. चिन्नोर वाचवायचं तर आणखी एकाचा वाटा जिंकणं भाग होतं.

रुख्मिणीची तेरवी होऊन गेली होती. मंडईच्या दुपारी मोहाच्या झाडाखाली घोंगडी अंथरली गेली. पलीकडे दंडारीच्या खेळाचा ढोल वाजत होता.

"आलास का गा, दुलीभाऊ?" भैय्यालाल म्हणाला. "मले वाटलं, यंदा तुहा वाटा सोडून देशील."

"सोडाले काऊन? वाट पत्ते."

पहिले काही डाव किरकोळ गेले. कोणी एक चिंचोका घालवला, कोणी दोन मिळवले. मग दुलीचंदनं पानं उचलली आणि बघितली. तीन राजे. त्यांच्या वर फक्त तीन एक्के.

त्याची खोड साऱ्या कामठ्याला पाठ होती. चांगली पानं आली की हात मिशीवर जायचा आणि लगेच दुप्पट चाल पडायची. बाकीचे पानं टाकून मोकळे व्हायचे. हाती काय, तर दोन-चार चिंचोके. रुख्मिणी दिवाळीत जावांबरोबर खेळायची आणि त्याला हसायची. "तुमी शिकारी का हाकारी? सावज दिसलं का बोंबलता!"

आजही हात वर गेला. पण मिशी सुतकाच्या मुंडनात गेली होती. बोटं कोऱ्या ओठावर थांबली. केशोरावनं नजर खाली घातली.

"आठवण येऊन राहिली का, भाऊ?" भैय्यालालनं हळू आवाजात विचारलं. "राहू दे मंग, टाक पानं."

"येते तं येऊ दे. तू चाल."

भैय्यालालनं एक चिंचोका टाकला. दुलीचंदनंही एकच टाकला. दुप्पट करायची, पण आता नाही. आता केली तर दोघंही उठतील आणि पाट कोरडा राहील. भैय्यालालला आधी त्याची पानं आवडू दे.

भैय्यालालनं चाल दुप्पट केली. केशोरावनं पानं टाकली. दुलीचंदनं तेवढेच चिंचोके पुढे सरकवले.

"नुसती बरोबरीच करतोस गा? दम नाई का?"

"हाय तेवढा हाय."

भैय्यालाल हसला. त्यानं पुन्हा वाढवलं, मग पुन्हा. दुलीचंद दर वेळी बरोबरी करत गेला. भैय्यालालचे निम्म्याहून जास्त चिंचोके घोंगडीवर आले. एवढं पाणी टाकून आता तो उठणार नव्हता. हीच वेळ होती. दुलीचंदनं आपले होते नव्हते ते सगळे पुढे लोटले.

"अरे बाप्पा!" केशोराव म्हणाला.

भैय्यालालनं दुलीचंदच्या तोंडाकडे बघितलं. "दुःखानं डोस्कं फिरलं याचं," तो केशोरावला म्हणाला आणि त्यानंही सगळे लोटले. मग त्यानं पानं उलटली. बदामाची सहा, सात, आठ. "दाखव आता."

दुलीचंदनं तीन राजे घोंगडीवर ठेवले.

भैय्यालालनं एकेक राजा उचलून बघितला. "मिशी असती ना तुले," तो म्हणाला, "तं म्या कवाचाच उठलो असतो."

"मालूम हाय," दुलीचंद म्हणाला.

दुसऱ्या सकाळी पाणी सुटलं. मातीनं आधी आपली तहान भागवली, मग धार पुढे सरकली आणि दुपारपर्यंत चिन्नोरच्या बांधीत पसरली. काही दिवसांत दाणा भरला. लोंब्या वाकल्या. बांधीजवळून जाणारा माणूस वासानं थांबू लागला.

दर साली कापणीला बाया रुख्मिणी गोळा करायची. यंदा निम्म्या घरांत कोणी ना कोणी तापानं पडलं होतं. दुलीचंदनं विळ्याला धार लावून ठेवली होती, पण बाया जमल्या नव्हत्या, कापणी अजून व्हायची होती.