बारदेशी मीठ

चिंतामणी गुरुजींनी गणेशोत्सवात मिठावर व्याख्यान दिलं, इथेच त्यांचं चुकलं. इतिहासाच्या मास्तरानं लढायांवर बोलावं. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात. गुरुजी बोलले जकातीवर. गोव्याच्या बारदेशातून फिरंग्यांचं स्वस्त मीठ येऊ लागलं, तेव्हा आपल्या मीठवाल्यांचा धंदा बसू नये म्हणून महाराजांनी त्या मिठावर जबर जकात घ्यायला सांगितली, एवढीच गोष्ट. पुढच्या रांगेतले शरदचंद्र एरवी व्याख्यानात डुलक्या काढत. त्या दिवशी नेमके जागे राहिले.

शरदचंद्र गावच्या पंचायतीतले पुढारी, आणि बाजारातलं मोठं दुकान त्यांच्या मेहुण्याचं. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात येऊन पडलेले सिंधी पेटी डोक्यावर घेऊन बदलापूरच्या बाजूची गावं पालथी घालत आणि सुया, फिती, बटणं मेहुण्यापेक्षा स्वस्त विकत. त्यातलाच एक कॅम्प नंबर चारचा परसुमल. गुरुजींच्या ओसरीवर ऐसपैस बसून तो पाणी पिई आणि गुरुजींकडून मराठी शिके. "ळ" काही त्याच्या जिभेवर बसत नव्हता. गुरुजींचा त्याच्यावर जीव होता.

दिवाळीनंतर पंचायतीची सभा भरली. बाहेरून येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घ्यायचा ठराव होता. तो झाला की परसुमलचा या गावचा फेरा संपला. कर भरून स्वस्त विकायला त्याच्या पेटीत राहणार काय?

"महाराजांनी परदेशी मिठावर जकात बसवली," शरदचंद्र म्हणाले. "आपण परदेशी मालावर बसवतोय. विरोध करायचा असेल त्यानं महाराजांना करावा."

विरोधी बाजूचे हिंदुराव उठले आणि त्यांनी थेट पानिपत काढलं. तिथं रसद तुटली म्हणून घात झाला, सबब गावात येणारा माल अडवू नये, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींना दोघांचाही वीट आला. सुयांच्या पेटीबद्दल बोलायला कुणालाच सवड नव्हती. शेवटी तेच उठले.

"परदेशी नव्हे, बारदेशी. मी बारदेश म्हणालो होतो."

शरदचंद्रांनी हात जोडले. "तुमच्याकडूनच शिकलो, गुरुजी. एका अक्षराचा फरक. पण बारदेश फिरंग्यांकडेच होता ना?"

"होता. पण…"

"होता" सगळ्यांनी ऐकलं. "पण" टाळ्यांत गेलं. त्यापुढे सांगायला गुरुजींकडे पुष्कळ होतं. ती जकात परक्या सत्तेच्या मिठावर होती, घरदार टाकून आलेल्या माणसावर नव्हती. ती लहान मीठवाला जगावा म्हणून होती, मेहुण्याचं दुकान फुगावं म्हणून नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ठरावाला हात वर झाले होते. गुरुजींना ओरडून बोलता आलं असतं. पण आयुष्यभर वर्गात ओरडून त्यांचा घसा आणि हौस दोन्ही संपली होती. ते खाली बसले, आणि बसल्याची त्यांना लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. गुरुजींच्या पत्नी पद्मजाबाईंनी आतून विचारलं, "कोण आहे?"

"परदेसी, भाभी."

गुरुजी बाहेर आले. परसुमल अंगणात उभा होता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. नाक्यावरचा माणूस त्याला आता त्याच नावानं हाक मारी, मग बायकाही मारू लागल्या.

"आज आखरी फेरा, गुरुजी. नाक्यावर परवडत नाय." त्यानं पेटी खाली ठेवली. "लोग बोलतात, ये शब्द तुमच्या भाषणातला हाय."

"मी बारदेशी म्हणालो होतो."

"उसका मतलब?"

गुरुजी या शब्दावर तासभर बोलले होते. आता समोरच्या माणसाला त्याचा अर्थ सांगायला त्यांना तोंड उघडवेना.

"काही नाही," ते म्हणाले. "बसा. पाणी आणतो."

त्यांनी तांब्या आणला. परसुमल ओसरीवर चढला नाही. पाणी तो अंगणात उभ्यानंच प्यायला.