घरमालकाचा पॅन

जानेवारी आला की आमच्या कंपनीत टॅक्स वाचवायचे पुरावे मागतात. दिले नाहीत तर मार्चचा पगार कापून निम्मा हातात येतो. दहा वर्षं मी क्वालिटीत दुसऱ्यांचे पार्ट तपासतेय, पण घरचे कागद कधी तपासले नव्हते. ते काम नवऱ्याचं. "तू नको त्या भानगडीत पडू, कर्ज मी माझ्या कंपनीत दाखवतो," असं कैलास म्हणायचा आणि मी शहाणी गप्प बसायचे.

तीन वर्षांपूर्वी माझा पगार वाढला, कपातही वाढली. सोमाटण्याच्या आमच्या फ्लॅटचा निम्मा हप्ता माझ्या खात्यातून जातो. मग निम्म्या व्याजाची सूट माझी, असा हिशेब करून मी पगाराचं काम बघणाऱ्या राजेंद्रभाऊंकडे गेले.

"नवरा-बायकोचा टॅक्स वेगळा असतो, ताई. आपापल्या हिश्श्याचं व्याज आपण दाखवायचं," ते म्हणाले. "फक्त खरेदीखत आणा."

दुसऱ्या दिवशी नेलं. त्यांनी पानं दोनदा उलटली.

"कर्जात तुमचं नाव आहे, पण घरात नाही. मालक नसेल त्याला सूट मिळत नाही."

खरेदीखत झालं तेव्हा मी बाळंतपणासाठी माहेरी, भाजे गावी होते. कर्जाच्या सहीसाठी बँकेचा माणूस थेट माझ्या खाटेपर्यंत आला होता. रजिस्ट्रीच्या वेळी मात्र सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाळंतिणीला कशाला हलवायचं?" केवढी काळजी म्हणून तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

संध्याकाळी कैलासला विचारलं.

"लावू की नाव कवातरी. घर काय पळून चाललंय व्हय?"

"कधी लावणार?"

"आईला काय वाटंल?" एवढं बोलून त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

माझं डोकं फिरलं. कंपनीचा फॉर्म घेतला, घरभाड्याच्या रकान्यात घरमालक म्हणून त्याचं नाव लिहिलं आणि फॉर्म त्याच्यासमोर आपटला.

"घर माझं नाही, म्हणजे मी भाडेकरू. आता हप्ता बंद. पहिल्या तारखेला भाडं देईन, त्याची पावती दे. तुझा पॅन दे. भाडं मिळतंय म्हणून तुझ्या कंपनीत कळव, तुझाही टॅक्स कापू दे."

खरं सांगते, मला भाडेकरू व्हायचं नव्हतं. त्याला लाज वाटावी, त्यानं फॉर्म फाडावा आणि म्हणावं, चल, उद्याच नाव लावू. एवढंच हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

कैलासनं टीव्ही बंद केला. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मोबाईलवर काहीतरी आकडेमोड केली.

"म्हैन्याला आठ हजार लिव," तो म्हणाला. "वर्साचं लाखाच्या आत ऱ्हायलं की मालकाचा पॅन मागत न्हाईत. माझ्या कंपनीला कळायचं न्हाई. अन् हप्ता चालूच ठेव. कर्जाला तुजं नाव हाय."

मग पावतीवर सही करायला त्यानं माझ्याकडेच पेन मागितलं.