समजूतदार पोर

चष्मेवाल्याची मुलगी बारा वर्षांची, पण घरात तिला सगळे 'आजीबाई' म्हणत. वागायचीही तशीच. आई अंथरुणात पडून राहिली की चहा हीच करायची, शिवायला कपडे घेऊन आलेल्या बायकांना दारातूनच वाटेला लावायची. 'आईला बरं नाही' हे इतक्या सफाईने सांगायची की पुढे काही विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

आईचं दुखणं मनाचं होतं. मध्येच तिला झोप नकोशी व्हायची. मशीन घडघडत राहायचं, कुणी न मागितलेले पडदे शिवून व्हायचे, हसू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मग एके दिवशी मशीन गप्प, आणि आई भिंतीकडे तोंड करून आडवी. डॉक्टर होते, गोळ्याही चालू होत्या. नातेवाइकांत मात्र या आजाराला 'अशक्तपणा' म्हणत. अशक्तपणाने अब्रू जात नाही.

चष्मेवाला दिवसभर लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा. घरात नजर टाकायला त्याला फुरसत नव्हती. सुट्टीच्या दिवशीही तो काचा पुसायच्या निमित्ताने दुकान गाठायचा. घरी पोरगी आहे, काळजी नाही, असं म्हणायचा.

पोरगी होतीच. आईने कप कसा खाली ठेवला यावरून पुढचा दिवस कसा जाणार हे ती ओळखायची. शाळेला निघताना गॅस बंद केलाय ना, हे पाहायला जिन्यातून पुन्हा पुन्हा मागे फिरायची. अभ्यास करता करता भुवईचे केस उपटायची. डोकं दुखतं म्हणाली, तेव्हा बापाने डोळे तपासले. नंबर निघाला नाही, तरी त्याने जाड फ्रेमचा झकास चष्मा दिला. भुवया झाकल्या गेल्या, सगळ्यांचं समाधान झालं.

आत्या तर तिच्यावर फिदा होती. स्वतःच्या मुलांना तिचं उदाहरण देऊन हैराण करायची. कौतुक ती तोंड भरून करायची. मदतीची वेळ आली की तिचे गुडघे दुखायला लागायचे.

मग परीक्षा आली. त्या सकाळी आई काहीच बोलली नव्हती, नजरही भलतीकडेच होती. पेपर हातात पडला आणि मुलीला श्वास घेता येईना. ती उठली आणि कुणाला न विचारता शाळेतून घरी पळत आली. आई झोपली होती. मुलगी दाराशी बसून तिच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी बैठक भरली. आत्या आली, त्या दिवशी गुडघे ठीक होते. अभ्यास झाला नसेल म्हणून नाटक, हा तिचा निकाल. बापाने मान डोलावली आणि चष्म्याची काच बदलून पाहू म्हणाला.

तेवढ्यात आई बाहेर आली. केस विस्कटलेले, गाऊन उलटा.

"नाटक नाहीये ते," ती म्हणाली. "माझ्यामुळे ही पोर सतत पहाऱ्यावर असते. उद्या माझ्या डॉक्टरांकडे हिलाही न्यायचं."

आत्याने आवाज खाली आणला. "लोक काय म्हणतील? आई तशी, पोरगीही तशी?"

"लोकांना म्हणू द्या. पोरीला आजवर कुणी काही विचारलंय का? मनातल्या मनात मला वेडी म्हणता ना, मग एवढं शहाणपण तुम्हाला का सुचलं नाही?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. 

डॉक्टर मुलीशी बराच वेळ एकटीशीच बोलले, मग त्यांनी बापाला आत घेतलं. आईच्या आजारात मुलीचा काही दोष नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आईकडे लक्ष ठेवणं हे मोठ्या माणसांचं काम. मुलगी काही दिवस माझ्याकडे बोलायला येईल, तुम्ही दुपारी घरी थांबा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुकानाचं काय, असं बापाने विचारलं. डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून त्याच्या हातात ठेवली.

आजार काही पळून गेला नाही. पण मुलगी पोहायला जाऊ लागली, गणितात जेमतेम पास झाली, आणि एकदा आत्याला उलटूनही बोलली.

एका दुपारी आई पुन्हा भिंतीकडे वळून पडली होती. बाप पलंगाच्या कडेला अवघडून बसला होता. आता हिच्याशी काय बोलायचं, असं त्याने हळूच मुलीला विचारलं.

"काही बोलू नका, बाबा. नुसते बसा," ती म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरली.