दोन नंबरच्या रिमोटचा डावा बाण

मी दोन नंबरचा रिमोट बोलतोय. डब्यावर माझं नाव कंट्रोलर असं छापलं होतं, पण घरात सगळे मला रिमोटच म्हणायचे. तुम्ही इतक्या आपुलकीने माझी गोष्ट ऐकायला बसलात, म्हणजे तुमच्याही मनात काहीतरी डाव असणारच. असू दे, मला सवय आहे.

माझ्या जन्माच्या वेळीच कारखान्यात गडबड झाली. आमच्या पोटात प्रत्येक बाणाखाली एक काळा ठिपका असतो. बाण दाबला की तो खालच्या पट्टीला टेकतो आणि पडद्यावरचा खेळाडू हलतो. माझ्या डाव्या बाणाखाली ठिपका बसवायचाच राहिला. तपासणाऱ्या बाईंनी वरचा, खालचा, उजवा बाण दाबून पाहिला, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि त्यांनी मला सरळ खोक्यात टाकलं. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

मी एका घरात आलो. सोबत एक नंबरचा रिमोट, टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र आणि बर्फावरच्या हॉकीची कॅसेट. घरात दोन भावंडं होती. पहिल्याच दिवशी दादाने कायदा केला, ‘एक नंबर थोरल्याचा, दोन नंबर धाकटीचा.’ असे कायदे कोण करतं आणि का करतं, ते मी तेव्हाच ओळखलं.

धाकटीने सुरुवातीला तक्रार केली. "दादा, माझा माणूस तिकडे जातच नाही!"

"हरलीस की रिमोट खराब!" दादा म्हणाला. त्याने मला हातात घेऊनसुद्धा पाहिलं नाही.

मग तिने तक्रार सोडली आणि डोकं चालवलं. चकती, म्हणजे या हॉकीतला चेंडू, घ्यायची, उजव्या कडेने पळत कोपऱ्यात जायचं, तिथून गोलकीपरच्या नाकासमोरून आडवा पास द्यायचा आणि पलीकडच्या खेळाडूने चकती न थांबवता हाणायची. गोली बिचारा सरकेपर्यंत गोल झालेला असे. डावीकडे ती कधी गेलीच नाही, तिथे ती चकती पाठवायची. माझा डावा बाण म्हणजे तिच्या अंगठ्याची टेकायची जागा झाली.

दादा हरायला लागला आणि त्याचा तोल गेला. "हा रडीचा डाव आहे! गेम बनवणाऱ्यांची चूक आहे ती. गोली तिकडे पोचूच शकत नाही."

"मग तू पण मार की तसा गोल."

"मी असले गोल मारत नाही."

त्याने ते गोल बाद ठरवले आणि बहिणीचं नाव ‘रडी’ ठेवलं. ते नाव तिला कायमचं चिकटलं. पुढे आम्ही कपाटावरच्या खोक्यात गेलो. तिथे मी आणि एक नंबर वायरीत वायर अडकवून पडून होतो, पण बोललो नाही. त्याच्याबद्दलही मला शंका होतीच.

कित्येक वर्षांनी परवा खोकं उघडलं. आई आता दादाकडे राहायला जाणार, म्हणून दोघं घर आवरायला आली होती. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवते.

"हे यंत्र मी नेणार," ती म्हणाली. "काय गेम होता! डोकं लागायचं. आताच्या गेममध्ये नुसता झगमगाट."

"तुला गेम आठवत नाहीये, तुला तेव्हाची सुट्टी आठवतेय," दादा म्हणाला. "डोकं कसलं, एकच तर युक्ती होती तुझी. रडी कुठली!"

धाकटीचा चेहरा उतरला. "दादा, मागच्या महिन्यात माझ्या सासूबाईंसमोर तू हेच म्हणालास. सगळे हसले. माझी मुलगीसुद्धा आता मला रडी म्हणते. एक मॅच खेळू. मी जिंकले तर यंत्र माझं, आणि ते नाव तू पुन्हा घ्यायचं नाहीस."

दादा कबूल झाला. जोडाजोड करताना त्याने मला उचललं, बाण दाबून पाहिले आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. इतक्या वर्षांत ज्याने मला शिवलं नाही, तो आज माझी सेवा का करतोय? चॉकलेटच्या कागदाची चांदी कातरून त्याने माझ्या डाव्या बाणाखाली चिकटवली आणि काही न बोलता मला धाकटीच्या हातात दिलं.

मॅच सुरू झाली. सवयीने तिचा अंगठा डाव्या बाणावर टेकला आणि तिचा खेळाडू भरकटून डावीकडे पळाला. पुन्हा टेकला, पुन्हा पळाला. तिचे पास दादाच्या माणसांना जायला लागले. ती सपाटून हरली.

"बघ," दादा म्हणाला, "म्हणून म्हणतो, डोकंबिकं काही नव्हतं."

"तू रिमोटला काय केलंस?"

"काही नाही गं. जुना झालाय, डावा बाण चालत नव्हता. तो चालू करून दिला."

"डावा बाण कधी चालायचा?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. तिला खरंच वाटत होतं की रिमोट असाच असतो. एक नंबर तिने कधी हातात घेतलाच नव्हता.

दादाने मला पुन्हा उघडलं. तीन बाणांखालच्या पट्ट्या झिजून काळ्या पडल्या होत्या. चौथी, चांदीखालची, नव्यासारखी कोरी होती. तो त्या कोऱ्या पट्टीकडे बघतच राहिला. मग त्याने चांदी सोलून काढली आणि एक नंबर धाकटीपुढे सरकवला. "परत खेळू. मी या दोन नंबरवर."

हा मुद्दाम हरणार, मला खात्री होती. हरायचं, मोठेपणा मिरवायचा आणि पुन्हा तिच्या सासूबाईंना सांगायचं की मुद्दाम हरलो. मी त्याच्या अंगठ्यावर डोळा ठेवला. तो डावा बाण इतक्या जोरात दाबत होता की माझं अंग करकरलं. कपाळावर घाम होता. खोटं खोटं हरणारा माणूस असा दाबत नाही. त्याचा खेळाडू उजव्या कडेला धडका घेत राहिला, आणि तिकडे एक नंबरवर बिचकत खेळणाऱ्या धाकटीने आडवा पास देऊन गोल केला.

आई दारात आली. "आवरायला आलात की खेळायला? जिंकलं कोण?"

"ही," दादा म्हणाला. "आणि आई, तो रडीचा डाव नव्हता. मला जमला नसता. तुझ्या लेकीला जमत होता आणि मी तो बाद करत होतो."

धाकटीने नुसतं नाक पुसलं.

यंत्र तिच्याकडे गेलं. मला मात्र दादाने मागून घेतलं. म्हणाला, "पुढच्या वेळी खेळायला येताना हाच आणतो." आता मी त्याच्या खिशात आहे, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी, आणि त्याचं टोक मला टोचतंय. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसावर विश्वास ठेवावासा वाटतोय, म्हणून एवढंच मागतो. दादा, माझा डावा बाण आहे तसाच राहू दे.